निंबूरसाची कैफियत

जिन नावाच्या विलायती मद्यात लिंबाचा रस व साखर मिसळून जे पेय करतात, त्याचा इतिहास ह्या पानांवर पाहून आमच्या काही वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळी आठी पडेल, हे मी गृहीत धरले आहे. ज्या घरांतून सोवळ्याचा स्वयंपाक अजून चालतो तेथे हा विषय उंबरठ्याबाहेरचाच. तथापि ज्याची कैफियत मी मांडीत आहे तो पक्षकार लिंबू आहे; मद्य केवळ त्याच्यासोबत कोर्टात आले आहे. मद्ये तर बदलत गेली. आरंभी माडाचे, पुढे उसाचे, शेवटी धान्याचे. लिंबू आणि साखर ही जोडी मात्र जवळजवळ चार शतके आपल्या जागेवर आहे. ह्या जोडीचे माप ठरविण्याचा उद्योग कायद्याने वारंवार केला. एकदा ते माप चोख ठरले. पण फळाच्या नावात घोटाळा झाला आणि त्याची किंमत दर्यावर्दी माणसांनी हिरड्यांनी, दातांनी व क्वचित प्राणांनी मोजली. ही हकीकत सरबतापलीकडे कधी न गेलेल्या वाचकासही ऐकण्याजोगी आहे.

आज ह्या पेयास 'गिमलेट' म्हणतात. त्याचा मूळपुरुष लंडनच्या मद्यगृहांत शोधून सापडायचा नाही. तो हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील वखारींत सापडतो. त्याचे नाव 'पंच'. इंग्रजी कागदपत्रांत हे नाव प्रथम आढळते ते १६३२ साली. कोरोमंडल किनाऱ्यावरील आर्मागाव येथून ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकराने दुसऱ्या वखारीतील आपल्या स्नेह्यास पाठविलेल्या पत्रात पंच पिण्याचा विषय आला आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, १६३८ साली, मांडेल्सलो हा जर्मन प्रवासी सुरतेस उतरला. तेथील इंग्रज जे पेय घेत त्याचे घटक त्याने नोंदवून ठेवले आहेत: मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर. पुढे कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७३ च्या सुमारास ह्याच बाजूस फिरत होता. १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात तो सांगतो की, उत्तम अरक 'नेरूल' येथे होतो, त्यास 'नेपा दि गोवा' असेही म्हणतात, आणि ह्या किनाऱ्यावरील इंग्रज त्यापासून अंग शिथिल करणारे ते पंच नावाचे पेय बनवितात. नेरूल हे नाव ऐकून बार्देशकर वाचकांचे कान टवकारतील, ते साहजिकच आहे.

नावाची उपपत्तीही फ्रायरनेच दिली आहे. हिंदुस्थानीत 'पंच' म्हणजे पाच, आणि पेयाचे घटक पाच. मद्य, लिंबू, साखर, पाणी व जायफळासारखा एखादा मसाला अशी ती यादी पुढे रूढ झाली. पंचामृत, पंचगव्य व पंचखाद्य ज्यांच्या घरी रोजची, त्या आमच्या वाचकांस ही उपपत्ती सहज पटेल. आमच्या देवळांतून हातावर पडणाऱ्या पंचखाजाच्या पंक्तीला ह्या पेयास बसविण्याचे धाडस मी करणार नाही. पण पाच म्हणजे पाचच. तथापि साक्षीदाराची उलटतपासणी व्हावयास हवी. मांडेल्सलोच्या यादीत घटक चारच आहेत. फ्रायरही पाच सांगून लागलीच चार घटकांच्या वैद्यकीय योगाचे नाव जोडून देतो. शिवाय मोठ्या पिंपास इंग्रजीत 'पंचन' म्हणत, त्याचेच हे संक्षिप्त रूप असावे असे म्हणणारे पंडितही आहेत. निर्णय काहीही होवो, एक गोष्ट सर्व साक्षींत समान आहे. चार घटक असोत वा पाच, लिंबू व साखर कोणीही गाळलेली नाहीत.

फ्रायरचा अरक म्हणजे माडाची सूर आंबवून भट्टीवर गाळलेले मद्य. शब्द मूळ अरबी. आज गोव्यात काजूच्या बोंडांच्या रसाच्या पहिल्या धारेस आपण 'हुर्राक' म्हणतो, ते त्याच शब्दाचे घरगुती रूप. काजूचे झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणले. माडाचे मद्य त्याआधीचे आहे, आणि परदेशी गलबतांवर गोव्याचे नाव प्रथम चढले ते माडामुळे. काजूच्या फेणीस २००९ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, तेव्हा वृत्तपत्रांतून पुष्कळ आनंद व्यक्त झाला. तो योग्यच होता. पण 'गोव्याचा अरक' ही मालाची ओळख त्याच्या तीन शतके आधी एका सरकारी हुकुमात नमूद झालेली आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात नाही.

तो हुकूम मुंबईचा, साल १६९४. मुंबई बेट पोर्तुगिजांकडून विवाहाच्या करारान्वये इंग्रज राजाकडे आणि १६६८ साली त्याच्याकडून कंपनीकडे आले होते. शिपाई, खलाशी व कारकून ह्यांनी खाणावळी गजबजलेल्या असत आणि गिऱ्हाइकास फसविण्याची कला तेव्हाही अवगत होती. म्हणून कौन्सिलाने ठरवून दिले की, खाणावळीत पंच पिण्यास आलेल्या कोणाही माणसाने मालकाकडे एक क्वार्ट चांगला गोव्याचा अरक, अर्धा पौंड साखर व अर्धा पाइंट चांगले लिंबाचे पाणी मागावे आणि आपला पंच आपणच करून घ्यावा. ज्या वाडग्यात तो पंच करावयाचा त्यावर बाजाराच्या अंमलदाराचा शिक्का हवा. शिक्का नसेल तर गिऱ्हाइकाने वाडगा खुशाल फोडावा. वाडग्याचे किंवा पंचाचे पैसे देणे त्याच्यावर बंधनकारक नाही.

कायद्याच्या अभ्यासकास हा हुकूम फार आवडावा असा आहे. त्यात तीन गोष्टी स्वच्छ वेगळ्या ठेवल्या आहेत. मालाचा प्रकार ठरविला: अरक, तोही गोव्याचा. मालाचे प्रमाण ठरविले. आणि मिसळण्याचे काम मात्र पिणाऱ्याच्या हाती सोडले. प्रमाण पाहा. एका क्वार्टमध्ये अर्धे पाइंट चार भरतात; म्हणजे चार भाग मद्यास एक भाग लिंबू. अर्धा पाइंट रस आणि अर्धा पौंड साखर ही आजच्या मापाने अनुक्रमे सुमारे २३७ मिलीलिटर व २२७ ग्रॅम येतात. म्हणजे आंबट व गोड जवळजवळ समतोल. ह्या हिशोबाने साठ मिलीलिटर मद्यास पंधरा मिलीलिटर लिंबू व तितक्याच ग्रॅम साखर पडते. आज जगातील मद्यगृहांत साठ मिलीलिटर जिनला वीस मिलीलिटर लिंबाचा रस व वीस मिलीलिटर साखरेचा पातळ पाक घालतात. समभाग साखर-पाण्याच्या त्या पाकात साखर असते बारा ग्रॅमच्या आसपास. सव्वातीनशे वर्षांत एवढाच काय तो फरक!

आता बंदर सोडून समुद्राकडे वळू. लांबच्या सफरीत खारे मांस व कोरडी बिस्किटे ह्यांवर राहणाऱ्या खलाशांस स्कर्व्ही हा रोग जडे. हिरड्या सुजत, दात हलू लागत, अंगावर काळे-निळे डाग पडत, भरून आलेल्या जुन्या जखमा पुन्हा उघडत. तोफांपेक्षा ह्या रोगाने अधिक माणसे नेली. १७४० साली ॲडमिरल व्हर्नन ह्याने एक हुकूम काढला. तो मूळ रोगासाठी नव्हताच. दारूबाजी आवरण्यासाठी होता. दर माणशी मिळणाऱ्या अर्ध्या पाइंट रममध्ये एक क्वार्ट पाणी मिसळूनच ती द्यावी, असे त्याने फर्मावले. आणि ज्यांना ते पेय रुचकर करून घ्यावयाचे असेल त्यांनी आपल्या शिध्यातून बचत करून साखर व लिंबे विकत घ्यावीत, अशी सवलतही ठेवली. म्हणजे मुंबईच्या खाणावळीतला पंच पाणी घालून जहाजावर चढला. त्यात औषध लपले आहे हे व्हर्ननच्या गावीही नव्हते.

ते औषध उजेडात आणण्याचे श्रेय जेम्स लिंड ह्या शल्यवैद्याचे. १७४७ च्या मे महिन्यात 'सॉल्झबरी' जहाजावरील बारा रोगी निवडून त्याने त्यांच्या सहा जोड्या लावल्या. आहार सर्वांचा एकच, औषध जोडीगणिक निराळे. कोणास सफरचंदाची आंबवलेली दारू, कोणास शिरका, कोणास समुद्राचे पाणी. एका जोडीस रोज दोन संत्री व एक लेमन. फळे सहा दिवसांतच संपली. पण तेवढ्यात त्या दोघांपैकी एक जण कामावर रुजू होण्याजोगा झाला होता. लिंडने आपला ग्रंथ १७५३ साली प्रसिद्ध केला. मात्र रस टिकावा म्हणून तो मंद आचेवर आटवून घट्ट करण्याची जी कृती त्याने सुचविली, तिने त्यातील गुणच नाहीसा होई. पुरावा हाती असून उपाय लंगडा पडला. १७९४ साली गिल्बर्ट ब्लेन ह्या वैद्याच्या आग्रहावरून 'सफोक' जहाज कोठेही किनाऱ्यास न लागता तेवीस आठवड्यांची सफर करून हिंदुस्थानात आले. दर माणशी रोज पाऊण औंसाच्या आत लेमनचा रस व दोन औंस साखर पाणी घातलेल्या रममध्ये मिसळून दिली जात होती. रोगाने कोठे डोके वर काढले तर रस वाढवून देत, आणि ते आवरे. पुढल्याच वर्षी इंग्रज आरमाराने हा रस रोजच्या शिध्यात घेतला. लिंडच्या प्रयोगापासून ह्या निर्णयापर्यंत अठ्ठेचाळीस वर्षे गेली.

येथवर मी 'लेमन' हा शब्द मुद्दाम वापरला. ह्या कैफियतीचा सारा भार त्याच्यावर आहे. भूमध्य समुद्राकाठचे मोठे, पिवळे, जाड सालीचे फळ ते लेमन. आणि आपल्या परसातले लहान, पातळ सालीचे कागदी लिंबू ते लाइम. इंग्रजीत नावे दोन असली तरी व्यवहारात ती एकमेकांच्या जागी सर्रास वापरीत, आणि लेमनच्या रसासही 'लाइम ज्यूस'च म्हणत. मराठीत तर दोहोंस आपण लिंबू म्हणून मोकळे होतो. दोघांचे नाते अलीकडे वंशशास्त्रज्ञांनी उलगडले आहे. दोघांचाही पिता म्हाळुंग, तेच मातुलिंग जे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हाती आपण पाहतो. माता मात्र भिन्न. लेमनची माता कडू नारिंग. कागदी लिंबाची माता पूर्वेकडील एक रानटी लिंबूवर्गीय झाड. धर्मशास्त्राच्या भाषेत ही सापत्न भावंडे. वारसा समान असेल असे गृहीत धरणे येथेच घातक ठरले. कारण स्कर्व्हीस रोखणारा गुण लाइमच्या रसात लेमनच्या मानाने बराच कमी असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर आरमाराने माल्टा व सिसिली येथील लेमन सोडून वेस्ट इंडीज बेटांतील लाइम घेण्यास आरंभ केला. ती बेटे इंग्रजांच्या ताब्यात होती, मळे इंग्रजांचे होते, आणि रस अधिक आंबट लागत असल्याने कोणास शंकाही आली नाही. आंबटपणा हाच औषधी गुण, अशी समजूत होती. १८६७ च्या व्यापारी जहाजांच्या कायद्याने हा रस दर खलाशास रोज एक औंस देणे सक्तीचे केले. तो टिकावा म्हणून त्यात शेकडा पंधरा प्रमाणात मद्य मिसळण्याचे बंधन घातले. तपासनीस नेमले. कायद्यात शब्द होते 'लाइम किंवा लेमनचा रस'. त्या 'किंवा'ने घात केला. औंस मोजला गेला, मद्य मोजले गेले, शिक्के झाले. फळ कोणते हे कोणी विचारले नाही. त्यातही तो रस महिनोन्महिने साठविलेला, हवा लागलेला व कित्येकदा तांब्याच्या नळ्यांतून वाहविलेला असे. एवढे झाल्यावर जो काही गुण असे तोही उरत नसे.

वाफेच्या जहाजांमुळे सफरी लहान झाल्या होत्या, म्हणून ही उणीव बराच काळ झाकली राहिली. १८७५ साली जॉर्ज नेअर्स ह्याच्या नेतृत्वाखाली उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या 'अलर्ट' व 'डिस्कव्हरी' ह्या जहाजांनी ती उघडी पाडली. बर्फावरून घसरगाड्या ओढणाऱ्या तुकड्या स्कर्व्हीने कोसळल्या, काही माणसे दगावली, आणि १८७६ साली मोहीम आटोपती घ्यावी लागली. चौकशी समिती बसली. घसरगाड्यांवरील तुकड्यांसोबत लिंबाचा रस दिला नव्हता, असा दोष तिने ठेवला. पण जहाजावर हिवाळाभर जो रस रोज प्याला गेला त्याने शरीरात साठा का केला नाही, ह्या प्रश्नाच्या मुळाशी कोणी गेले नाही. उलट पुढील काळात लिंबावरचाच विश्वास उडत चालला; दूषित मांसाच्या विषाने हा रोग होतो असे मत बळावले. पुराव्याने सिद्ध झालेली गोष्ट नावाच्या गोंधळाने पुन्हा खोटी ठरली. लिंबाची अब्रू परत मिळाली ती पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक व तिच्या सहकारिणींनी १९१८ साली दोन्ही रसांची तुलना केली आणि लाइमचा रस कितीतरी दुर्बल आढळला. त्याच सुमारास ॲलिस हेंडरसन स्मिथ हिने जुने दप्तर धुंडाळून दाखवून दिले की, पूर्वीचा यशस्वी रस लेमनचा होता आणि नंतरचा लाइमचा. ज्या द्रव्याने हा गुण येतो ते क जीवनसत्त्व १९३२ साली ओळखले गेले.

आता जिनकडे. जुनिपर नावाच्या झुडपाच्या वाळलेल्या फळांचा वास दिलेले हे धान्याचे मद्य हॉलंडातून इंग्लंडात आले. त्या झुडपाच्या हिमालयातील जातीस आपल्या वैद्यकात 'हपुषा' म्हणतात. लंडनच्या गोरगरिबांत जिनने असा अनर्थ मांडला की, पार्लमेंटास १७३६ व १७५१ साली तिला आवर घालणारे कायदे करावे लागले. पुढे तिला प्रतिष्ठा आली. आरमारात पंक्तिभेद होता. साध्या खलाशाची रम सरकारी शिध्यातून येई, आणि ती प्रथा थेट ३१ जुलै १९७० पर्यंत चालली. अधिकारी मात्र आपल्या भोजनगृहात स्वखर्चाने जिन ठेवीत. प्लिमथ बंदरातील जिन त्यांची विशेष आवडती. रोजचा लिंबाचा रस दोघांनाही होता. खलाशाने तो रममध्ये घातला, अधिकाऱ्याने जिनमध्ये. आपल्या पेयाचा जन्म हा असा.

त्यास एका व्यापाऱ्याचाही हातभार लागला. स्कॉटलंडातील लीथ बंदराचा लॉकलन रोझ ह्याने १८६७ साली, म्हणजे त्या कायद्याच्याच वर्षी, मद्य न घालता साखरेच्या योगे लिंबाचा रस टिकविण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. कायद्याने रसात मद्य घातले. रोझने ते काढून साखर घातली. ही गोड रसाची बाटली घरोघर गेली.

'गिमलेट' ह्या नावाविषयी दोन कथा आहेत. आरमारात १८७९ साली दाखल होऊन १९१३ साली निवृत्त झालेला थॉमस गिमलेट नावाचा एक शल्यवैद्य होता. त्याने अधिकाऱ्यांस रस पचावा म्हणून तो जिनमध्ये मिसळण्याची युक्ती काढली, ही पहिली. माणूस खरा आहे, पण त्याच्या हयातीतला पुरावा पुढे आलेला नाही. ऐकीव साक्षीपलीकडे तिची किंमत धरता येत नाही. दुसरी कथा अशी की, गिमलेट म्हणजे लाकडास भोक पाडण्याचे हत्यार, आणि हे पेयही तसेच आरपार जाते. आपल्या सुताराच्या पेटीतले 'गिरमिट' ते हेच. सागरापार मजूर नेणाऱ्या करारास 'गिरमिट' म्हणत ते वेगळ्या इंग्रजी शब्दाचे रूप. आणि बेळगाव-हुबळीकडच्या वाचकांस ह्या नावाने चुरमुऱ्यांची बशी आठवेल, त्याला माझा नाइलाज आहे.

हॅरी क्रॅडॉक ह्याने १९३० साली प्रसिद्ध केलेल्या सॅव्हॉय हॉटेलच्या पुस्तकात प्रमाण आहे अर्धी प्लिमथ जिन व अर्धा रोझचा गोड रस. रेमंड चँडलरच्या १९५३ सालच्या 'द लाँग गुडबाय' ह्या कादंबरीतील पात्रही हेच प्रमाण सांगते आणि दुसरे मानीत नाही. पुस्तकाबरहुकूम कोणी आज घरी करून पाहील तर त्यास ते पेय बहुधा फार गोड लागेल. येथे पुन्हा तोच जुना घोटाळा आहे. बाटलीतल्या रसात आंबट व गोड एकत्र बांधलेले असतात. एक वाढविले की दुसरे आपोआप वाढते. ताज्या रसाचे गिमलेट आणि बाटलीचे गिमलेट ह्यांचे नाव एक, पण प्रकृती भिन्न. एकाचे माप दुसऱ्यास लावणे म्हणजे लेमनचा औंस लाइमला लावण्यासारखेच.

घरी हे पेय कसे बसवावे ते आता थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात त्यास परवाना लागतो आणि गुजरातेत दारूबंदी आहे. बडोदेकर वाचकांनी हा परिच्छेद निव्वळ इतिहास म्हणून वाचावा, अथवा जिनच्या जागी गार पाणी समजावे. तर्क तोच राहतो. साखरेचा पातळ पाक समभागाने करून गार करावा. कागदी लिंबू ऐन वेळी चिरावे, बी काढावी आणि बेताने पिळावे. अखेरच्या थेंबासाठी साल चेंगरली की कडवटपणा उतरतो. रस काढून ठेवल्यास काही तासांतच त्याचा वास शिळा होतो. साठ मिलीलिटर जिन, वीस रस, वीस पाक व भरपूर बर्फ घट्ट झाकणाच्या बरणीत दहा-पंधरा सेकंद जोराने हलवून गाळून घ्यावा. वितळलेल्या बर्फाचे पाणी हा येथे न मोजलेला चौथा घटक आहे. एकूण पेयाचा पाचवा हिस्सा ते सहज व्यापते, आणि व्हर्ननने रममध्ये जे केले तेच सौम्यपणे करते.

चव पाहावयाची ती गार झाल्यावरच. थंडीने जिभेस गोडी कमी जाणवते. म्हणून कोमट असताना बरोबर वाटलेले पेय पेल्यात आंबट लागते. बिघाड दुरुस्त करताना एका वेळी एकच मुद्दा चौकशीस घ्यावा. आंबट झाले तर पाव चमचा पाक, पुन्हा चव. गोड झाले तर रसाचे चार थेंब. तिखट, जळजळीत लागले तर साखर घालू नये. थोडा वेळ बर्फावर ठेवावे. सपक वाटले तर मिठाची एक कणी, जी प्रत्येक सुगरण सरबतात घालतेच. आंबट झाले म्हणून जिन वाढविणे हा सर्वांत वाईट न्याय. त्याने दोष झाकतो आणि दंड दुसऱ्या दिवशी सकाळी भरावा लागतो. फळही ऋतूगणिक बदलते. पावसाळ्यातील रसाळ लिंबू आणि चैत्रातले सुकत आलेले लिंबू ह्यांना एकच माप लावता येत नाही.

बाटलीचा गोड रस घरीही करता येतो. चार लिंबांची केवळ हिरवी साल, पांढरा भाग न येऊ देता, किसून शंभर ग्रॅम साखरेत चोळावी व अर्धा तास ठेवावी. सालीतले तेल साखरेत उतरते. जुने पंच करणारे साखरेचा ढेप सालीवर घासून हेच साधीत. मग शंभर मिलीलिटर ताजा रस घालून साखर विरघळेपर्यंत ढवळावे, गाळावे आणि शीतकपाटात ठेवून आठवड्यात संपवावे. आंबट-गोडाचा हा समतोल मुंबईच्या हुकुमातलाच. लिंडची चूक मात्र करू नये. रस आचेवर चढवू नये. साठ मिलीलिटर जिनला ह्यातला तीस मिलीलिटर पुरतो.

ह्या प्रकरणात दोन कायदे समोरासमोर उभे आहेत. १८६७ च्या कायद्याने औंस ठरविला, टक्के ठरविले, तपासनीस नेमला आणि फळाच्या नावापाशी डुलकी घेतली. १६९४ चा हुकूम त्या मानाने खाणावळीच्या चार आण्यांच्या भांडणासाठी निघालेला. पण त्याने माल कोणता ते नाव घेऊन सांगितले, शिक्क्याची हमी दिली आणि पंच करण्याचा हक्क पिणाऱ्याकडे ठेवला. सरबत असो वा गिमलेट, करणाऱ्याने दुसऱ्या हुकुमाप्रमाणे वागावे. आधी हातातले फळ कोणते ते ओळखावे, मग माप घ्यावे, आणि शेवटचे चार थेंब जिभेवर सोपवावे.